जगदेवदादाचा होकार

मी, इंद्रभान सुदाम पडघान, वय सत्तर, धंदा दस्तलेखन (आता बंद), राहणार धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, घराच्या ओसरीवर बसून, सकाळच्या उजेडात लिहीत आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. माझी बुद्धी आज शाबूत आहे. ‘आज’ हा शब्द मी मुद्दाम घातला. छत्तीस वर्षं मी लोकांची मृत्युपत्रं लिहिली आणि ‘बुद्धी शाबूत’ हे शब्द समोरच्या माणसाकडे न बघता लिहीत आलो. माणूस खोकत असो, पेंगत असो, वाक्य तयारच असायचं. त्याची आता लाज वाटते. पण ती लाज लहान आहे, मोठी पुढे कलम पाचमध्ये येते.

१. प्रकृतीबाबत. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मी कारंज्याला माझ्या टेबलावर एका म्हातारीचा दस्त लिहीत होतो. ‘पूर्वेस’ असं लिहिलं आणि पूर्व म्हणजे काय तेच मला कळेना. अक्षर माझं, शब्द वाचता येतो, पण दाणे झडलेल्या शेंगेसारखा, आत काही नाही. म्हातारी विचारत होती, “भाऊ, धुऱ्या-बांधाचं लिवलं का?” मी म्हटलं, हो. “माह्या पोरीचं नाव टाकलं का?” हो. “आजच होऊन जाइन ना?” हो. यातलं एक अक्षर मला कळलेलं नव्हतं. पण उत्तर आलं नाही की समोरचं माणूस आपल्याकडे बघत राहते, त्या बघण्याची भारी शरम वाटते, आणि ‘हो’ म्हटलं की ते बघणं थांबते. म्हणून माणूस हो म्हणतो. हे मी स्वतः म्हणून पाहिलं आहे.

अर्ध्या घंट्यानं शब्द परत आले. अकोल्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला, जिथं माणसाची भाषा राहते, तिथं रक्ताच्या बारीक गुठळ्या अडकून गेल्या, पुन्हा येतील, मोठी कधी येईल ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी तपासताना मी त्यांना हात जोडून सांगितलं, साहेब, ज्याचं उत्तर हो येईल असे प्रश्न मला विचारू नका. त्यांनी विचारलं, तुमचं गाव मंगरूळपीर तालुक्यात ना? म्हटलं, नाही. तुम्हाला तीन मुलं ना? म्हटलं, नाही, एकच आहे, आणि तोही सध्या माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर हसले. ते सगळं दाखल्यात आहे.

२. धनज येथील राहतं घर माझी पत्नी विमलबाई हिला पूर्ण मालकीने देतो. कोणाला ठेवावं, कोणाला हाकलावं, हे ती ठरवील, मुलगा नरेंद्र यानं त्यात तोंड घालू नये. विमलबाई सातवीपर्यंत शिकलेली, तिला वाचता येत होतं. तरी आयुष्यभर मी कागद पुढे करून “इथं कर” एवढंच म्हणत आलो आणि ती सही करत आली. या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मात्र काल तिला वाचून दाखवला. कलम पाच संपल्यावर ती म्हणाली, “मले मालूम होतं. तुमी सांगसान म्हनून तेरा वर्षं वाट पाह्यली.” एवढं बोलून ती चूल पेटवायला गेली.

३. बँकेतली ठेव पत्नी विमलबाई आणि मुलगा नरेंद्र यांनी निम्मी निम्मी घ्यावी. याबद्दल मला काही बोलायचं नाही.

४. मराठी टाइपरायटर, टेबल, खुर्ची आणि कपाटातले नमुन्याचे जुने दस्त माझा मदतनीस प्रसेनजित याला देतो. टाइपरायटरचा ‘ळ’ अडकतो, वरून हळूच दाबावं. प्रसेनजितला वस्तू मिळते म्हणून या कागदावर त्याची साक्ष घेतलेली नाही. कायदा मला अजून आठवतो, हे ज्यांना कोर्टात जायचं असेल त्यांनी ध्यानात घ्यावं. आणि प्रसेनजित, एक सांगतो. दस्त करायला आलेल्या माणसाला आधी एक उलटा प्रश्न विचारत जा. चिडला तर चिडू दे.

५. शेत. मौजे धनज येथील वडिलोपार्जित चार एकर शेत आज सातबाऱ्यावर माझ्या एकट्याच्या नावाने आहे. त्यातलं रस्त्याकडचं, विहिरीसह दोन एकर माझं नाही. ते माझा मोठा भाऊ जगदेव सुदाम पडघान याचं आहे. ते माझ्या नावावर कसं आलं, ते लिहितो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. माझी मॅट्रिक व्हावी म्हणून तो कारंज्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गेला. बोलण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. विहारात वंदना तोच शिकवायचा, चौदा एप्रिलला भाषण त्याचंच असायचं, आणि मला सगळे ‘जगदेवचा भाऊ’ म्हणायचे. २०११ च्या दिवाळीनंतर त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. आधी पाण्याला चप्पल म्हणे, चष्म्याला बैल म्हणे, आणि आपण चुकलो हे त्याला कळलं की कपाळ बडवून घेई. मग तेही थांबलं, आणि एक ‘हो’ तेवढा उरला. लिलाबाई वहिनी मला रडत म्हणाल्या होत्या, “भाऊजी, भूक लागली का इचारलं तं हो म्हन्ते, पोट भरलं का इचारलं तरी हो म्हन्ते. मी यायले खाऊ काय घालू अन् कवा घालू?”

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य कोणी खोडू नये.

माघ पौर्णिमेला दादाला खुर्चीवर बसवून विहारात नेलं. वंदना सुरू झाली आणि दादानं सगळ्यांसोबत त्रिशरण, पंचशील, पुढचं सगळं खणखणीत म्हटलं. एक शब्द चुकला नाही. बाया रडायला लागल्या. “जगदेवभाऊचं डोस्कं साबूत हाय, एवढी पाली पाठ हाय!” असं गावभर झालं. पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं येते, ते म्हणता आलं म्हणून माणसाला अर्थ कळतो असं नाही, हे मला डॉक्टरांनी आत्ता सांगितलं. पण मी त्याच दिवशी विहाराच्या पायरीवर त्याला विचारलं होतं, “दादा, आज कोणता वार?” तो म्हणाला, हो.

पुढच्याच आठवड्यात मी त्याचं हक्कसोडपत्र लिहिलं. साक्षीदार दोघंही वंदनेला हजर असलेले, भले लोक. जो माणूस पंचशील अस्खलित म्हणतो त्याला आपण काय सोडतो ते कळत नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांचा दोष नाही. दस्त नोंदवताना अधिकारी काय विचारतात ते मला तोंडपाठ होतं. तुमचं नाव अमुक का? मजकूर समजला का? राजीखुशीनं देता का? तिन्हीचं उत्तर एकच. मी आधीच सांगून ठेवलं, “साहेब, लकव्यानं जीभ जड झाली आहे, हो-नाही तेवढं सांगतो.” ‘नाही’ तर त्याच्या तोंडून तीन महिन्यांत कोणी ऐकलं नव्हतं. कोणतं शेत सोडता, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं तरी माझं बिंग तिथंच फुटलं असतं. त्यांनी विचारलं नाही, आणि ते विचारणार नाहीत यावरच माझा सगळा भरवसा होता. दादाचा डावा अंगठा मी माझ्या हाताने धरून कागदावर टेकवला. परत येताना बस स्टँडवर त्याला भजी खाऊ घातली. त्याच्या मिशीला लागलेलं मी रुमालाने पुसलं, तर तो माझ्याकडे बघून हसला.

जे दिलेलं नाही ते घेणार नाही, हे दुसरं शील. त्या पौर्णिमेला ते आम्ही दोघांनी शेजारी बसून म्हटलं होतं. त्याला अर्थ कळत नव्हता. मला कळत होता.

रूपाचा नवरा शेत गिळून टाकील म्हणून मी ते सांभाळायला घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. रूपा ही दादाची एकुलती एक मुलगी. ते साफ खोटं होतं. शेत रस्त्याला लागून आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते, आणि मला पूर्ण सातबारा माझ्या नावाचा पाहिजे होता. लिलाबाई वहिनींना तलाठ्याकडे कळलं. त्या भांडल्या नाहीत, फक्त त्यानंतर आमच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत आणि चार वर्षांनी वारल्या.

६. प्रेमसिंग राठोड, आमच्या धुऱ्याला लागून ज्याचं शेत आहे तो, याच्याशी माझं दहा-बारा वर्षांचं वैर आहे. बांधाचं कारण मी सांगत आलो. बांध एक वीत इकडे की तिकडे, त्याने काय होते! खरं कारण हे की चहाच्या भरल्या टपरीवर तो मला म्हणाला होता, “इंद्रभानभाऊ, मी बी तुमच्या दादाले इचारलं, तुमची बैलजोडी मी घेऊन जाऊ का? हो म्हने. पन मी काई नेली नाई.” मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. ते वैर मी आज सोडतो. प्रेमसिंगला विचारलं, माझ्या कागदावर साक्ष घालशील का? तो म्हणाला, “पयले वाचून दाखवा. मले सगयं समजल्याबिगर मी सही करत नसतो.” दोनदा वाचून घेतलं त्यानं.

७. वरील दोन एकर दादाला, आणि दादाच्या पश्चात रूपाला, विहिरीसह पूर्ण मालकीने देतो. ‘देतो’ हा शब्द कायद्यासाठी आहे, खरा शब्द ‘परत करतो’ असा आहे. ताबा या हंगामापासून रूपाकडे दिला आहे. जिवंतपणीच नोंदणीकृत दस्त करून देण्यासाठी येत्या अकरा तारखेची वेळ घेतली आहे. पण तेवढे आठ दिवस माझं डोकं टिकेल याची हमी नाही, म्हणून हे मृत्युपत्र आधी.

नरेंद्र, तुझ्यासाठी. तू म्हणालास, “बाबा, तुमच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, मी कोर्टात तुमचाच एमआरआय दाखवीन.” दाखव. मी भावाच्या बिघडलेल्या मेंदूचा फायदा घेऊन शेत घेतलं, तू बापाच्या बिघडलेल्या मेंदूचा फायदा घेऊन ते ठेवू पाहतोस. हे तू माझ्याकडूनच शिकलास, म्हणून तुला रागवायला मला तोंड नाही. उरलेले दोन एकर तुझे आहेत. वाचणाऱ्याने एवढं पहावं की वेडा माणूस स्वतःच्या विरोधात इतकं सविस्तर लिहीत नसतो.

८. शेवटचं. मागच्या महिन्यात मी बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आसेगावला रूपाकडे गेलो. शेत गेलं त्याच वर्षी ती सासर सोडून आली, तिथं अंगणवाडीत सेविका आहे, दादा तिच्याजवळच असतो. तिनं मसुदा वाचला. “प्रेमापोटी देत आहे? काका, हे खोडा. अन् मले काहून देता? शेत बाबाचं हाय, बाबाले इचारा.”

मी म्हटलं, “दादा तर सगळ्यालेच हो म्हणते.”

“तुमच्यासाठी म्हन्ते,” ती म्हणाली.

तिनं अंगणवाडीतले चित्रांचे तक्ते काढले. तेरा वर्षं ती रोज सकाळी बापाला घेऊन बसते. हा आंबा का? ही गाय का? पहिली पाच वर्षं सगळ्याला हो. मग एक दिवस गाईच्या चित्राला ‘आंबा का’ विचारलं तर त्यानं मान हलवली आणि ‘नाई’ म्हणाला. त्या दिवशी तिनं अंगणवाडीतल्या सगळ्या लेकरांना गूळ वाटला होता. आता ती कोणतीही गोष्ट त्याला दोनदा विचारते, एकदा सुलटी, एकदा उलटी. दोन्ही उत्तरं जुळली तरच धरते. मला एवढं सुचलं नव्हतं असं नाही. मला ते नको होतं.

तिनं माझ्यासमोर विचारलं, बाबा, रस्त्याकडचं वावर तुमचं का? हो. काकाचं का? नाई. ते परत पाहिजे का? हो. राहू द्यायचं का काकाकडे? नाई, आणि डावा हात जोरात आडवा फिरवला. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. कधीपासून माहीत होतं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी खाली बसून त्याचे पाय धरले. म्हटलं, “दादा, मी चोरी केली. मले माफ करशीन का?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “नाई.”

मी रूपाकडे पाहिलं. तिलाही वाईट वाटलं असावं, पण तिनं पद्धत मोडली नाही. “बाबा, काकावर अजून राग हाय का?”

“हो.”

उत्तरं जुळली. मी पुन्हा विचारलं नाही.

माझ्यानंतर विहारात शोकसभा होईल. तिथं कोणीतरी उठून म्हणेल की शेवटी दोघं भाऊ एक झाले, दादानं मोठ्या मनानं माफ केलं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलायची आपल्याकडे रीतच आहे. माझी सूचना अशी की ते बोलू देऊ नये, आणि कोणी बोललंच तर विमलबाईनं उभं राहून हे कलम वाचावं. दादाला विचारलं होतं आणि दादा नाही म्हणाला. एकदा त्याच्या तोंडचा होकार मी चोरला आहे. हा नकार त्याचा आहे, तो त्याच्याजवळच राहावा.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून सही केली.

ठिकाण : धनज
दिनांक : ३ मार्च २०२५

(सही) इंद्रभान सुदाम पडघान

साक्षीदार :
१. (सही) प्रेमसिंग राठोड, शेती, रा. धनज
२. (सही) शालिग्राम ठाकरे, निवृत्त पोस्टमन, रा. धनज

इंद्रभान यांनी हा कागद आमच्यासमोर पूर्ण वाचला आणि सही केली. मजकूर त्यांना समजतो का हे आम्ही सुलट आणि उलट, दोन्ही प्रकारे विचारून पाहिलं. कलम आठ वाचताना ते दोनदा थांबले, शब्द अडला म्हणून नाही.