लांब जिभेची वटवाघळं

४ मार्च
पुन्हा तेच! बागेतल्या लांब जिभेच्या वटवाघळाचा डीएनए इतर लांब जिभेवाल्यांच्या गणगोतात बसतच नाही. वंशवृक्षात ते जाऊन बसलंय गुहेतल्या आखूड जिभेवाल्यांच्या फांदीवर. फुलातला मध चाटणारी सगळी फळवटवाघळं एकाच घराण्यातली — सरांचं अर्धं आयुष्य यावर गेलं, माझा प्रबंधही त्यावरच उभा आहे. कोणीतरी नमुन्यांच्या नळ्या बदलल्यात. कोणीतरी कशाला? फ्रीजरची किल्ली माझ्याशिवाय फक्त एकीजवळच आहे.

५ मार्च
मावसबहीण. मीच तिला इथे प्रयोगशाळेत चिकटवलं. "तुझ्या हाताखाली असली की मला घोर नाही," म्हणाली होती मावशी. घोर आता मला!

७ मार्च
मी आत शिरले तशी ती फोनवर बोलता बोलता गप्प झाली. समोर पडद्यावर माझंच वटवाघूळ! हटकलं, तर म्हणे, "ताई, निकाल बरोबर असला तर? मधाची सवय लागली की पिढ्यानपिढ्या जीभ लांबतच जाणार. वेगवेगळ्या घराण्यांत आपापली लांबली असेल."

मला शिकवतेय! डीएनएसाठी पंखाचे तुकडे कापते ती, नळ्यांवर नंबर टाकते ती, आणि वर शहाणपणा. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ मार्च
रविवारी ती एकटीच इथे होती. पहारेकरी सहज बोलून गेला. "त्या तुमच्या सख्ख्या बहीणच ना? नाक अगदी तुमचंच." नाक म्हणे!

दुपारी तिने विचारलं, "जेवलीस का?" इतका गोडवा कशासाठी?

१२ मार्च
सरांच्या कानावर घातलं. पुरावा मागतील म्हणून धाकधूक होती. मागितलाच नाही. उलट चेहरा खुलला त्यांचा.

१३ मार्च
तिला काढलं. जाताना म्हणाली, "मला एकदा विचारायचंस तरी, ताई." डोळे भरले होते. नाटकं! मावशीचे फोन येताहेत. घेत नाही.

२९ मार्च
या वेळी सगळं माझ्या हाताने. बागेत जाळं मी लावलं, वटवाघूळ मी सोडवलं — हातमोज्यावरून चावलं मेलं! — तुकडा मी कापला, नळीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

निकाल आला. गुहेवाल्यांचीच फांदी.

तिने काहीच केलं नव्हतं. रविवारी येऊन माझंच काम तपासत असणार बिचारी. मी काय करून बसले!

३० मार्च
सरांना निकाल दाखवला. म्हटलं, तिला परत बोलवा. त्यांनी कागद पालथा घातला.
"पुन्हा कर. बरोबर येईपर्यंत कर."
मी "हो सर" म्हणाले.