पोळ्यातला गेंडा

८ सप्टेंबर

निवड झाली! आसाममध्ये गेंड्यांच्या प्रकल्पावर सहायक. पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा. घरातली पहिली बी.एस्सी. आणि आता पहिली आसामवाली!

आप्पा टीव्हीकडे बघत म्हणाले, "जनावरंच बघायचीत ना? उसात जा. बिबट्या बसलाय." आई हसली. विषय संपला.

नाही संपला. २२ तारखेला जागतिक गेंडा दिन. शाळेत व्याख्यान देणार. पिंपळवंडी गावाला गेंडा कळला की आप्पांनाही कळेल.

१० सप्टेंबर

मंडळाच्या गोरखभाऊंनी गणपतीच्या देखाव्यातला डोंगर दिला. बांबू, गोणपाट, खाली हातगाडीची चाकं. "डोंगराचा गेंडा करायला काय लागतंय? चार पाय न् एक शिंग." आमच्या गोठ्यात काम सुरू. बैल विकल्यापासून तिथे फक्त फवारणीचा पंप असतो.

१४ सप्टेंबर

गेंडा उभा राहिला! कातडीच्या घड्या फार छान जमल्यात. शिंग काथ्याचं, डिंक लावून वळलेलं — मुद्दाम. खरं शिंगही हाडाचं नसतं, केसा-नखांच्याच जातीचं. औषध वगैरे काही नाही त्यात. तरी त्यासाठी मारतात!

शेजारच्या लंकाबाई बघायला आल्या. मादी सोळा महिने गाभण असते, असं सांगितलं.

"सोळा! आन् नवरा कुठं असतो?"

एकटाच हिंडतो, म्हटलं.

"वाटलंच."

गोरखभाऊंना मात्र तो रोज एकाच जागी शेण टाकतो हे आवडलं. "लई शिस्तीचं जनावर, राव."

जेवताना सगळं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी आपले एकशिंगी जेमतेम दोनशे उरले होते, राखले म्हणून आज चार हजार. आफ्रिकेत तर राखणदारच भूल देऊन शिंग कापून घेतात, म्हणजे शिकारी मारत नाहीत. ते पुन्हा उगवतं. आप्पा बातम्या बघत होते. भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं.

१९ सप्टेंबर

गोरखभाऊंची नवी कल्पना — परवा भाद्रपदी पोळा, त्यात गेंडा मिरवायचा! "बैल उरल्यात शर्यतीचे तेवढे. बाकी समदे ट्रॅक्टर. तुझा प्रचार बी हुईल फुकटात."

मी कडाडून विरोध केला. गेंडा वन्य प्राणी आहे!

"येक दिस गावात ऱ्हायला तर काय बिघडलं?"

२० सप्टेंबर

आप्पांनी गेंड्याची खांदेमळणी केली! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची करतात तशीच — हळद, तेल, दोन्ही खांद्यांना. मी म्हटलं, आप्पा, याच्या मानेवर कधी जू आलंच नाही.

"मंग पयल्यांदाच कुनीतरी चोळतंय त्याला."

जाताना पुढ्यात वैरणीची पेंडी टाकली. सवयीनं असेल.

२१ सप्टेंबर — पोळा

झूल, घुंगरमाळ, गुलाल. माझा वन्य प्राणी!

रंग द्यायच्या आधी बैलांची शिंगं तासून साळतात, तसं गोरखभाऊंनी गेंड्याचं साळलं. "येकच हाय. रंग बी निम्माच लागला."

खाली पडलेला काथ्या लंकाबाईंनी पदरात गोळा केला. घरच्या म्हाताऱ्याच्या खोकल्याला धुरी द्यायला! मी ओरडले — अहो, काथ्या आहे तो!

"तूच म्हनलीस ना, खऱ्यात बी केसंच असत्यात? मंग फरक काय?"

आणि मी म्हणे बी.एस्सी.!

संध्याकाळी म्हातारा खोकायचा थांबला (झोपला होता!) आणि गोठ्यासमोर रांग लागली. कुणाला गुडघ्यासाठी, कुणाला म्हशीच्या दुधासाठी. जो तो चिमूटभर खरवडतोय. मी पाटी लावली — 'शिंगात औषध नाही.' लोक म्हणाले, बरं झालं पाटी लावली, जागा सापडत नव्हती.

आप्पा दारात उभे होते. "तिकडं बी येवढी मानसं येत्यात व्हय शिंगासाठी?"

येतात, म्हटलं. बंदुका घेऊन.

२२ सप्टेंबर

शिंग गेलं! बुडातून करवतीनं कापलंय, सरळ. पिंपळवंडीत शिकार — जागतिक गेंडा दिनी, आमच्याच गोठ्यात!

बिनशिंगाचा गेंडा शाळेत नेला. पहिलाच प्रश्न, "ताई, ही म्हैस का?" व्याख्यान रडत रडत दिलं. टाळ्या पडल्या. मागे लंकाबाईही डोळे पुसत होत्या. "कुना मेल्यानं नेलं गं? दुसऱ्या धुरीचं ऱ्हायलं की माजं."

एक गोणपाटाचा गेंडा मला राखता आला नाही. खरे काय राखणार? उद्या आसामला नकार कळवते.

२३ सप्टेंबर

आप्पा चहा पिताना म्हणाले, "शिंग मीच कापलं. तूच म्हनली व्हतीस जेवताना — आपनच आधी कापलं, तर जनावर वाचतं. सकाळपतोर फाडला असता त्याला लोकांनी."

मग कप खाली ठेवून, "परत उगवतं म्हनलीस ना ते?"

उगवतं, म्हटलं.

शिंग आत्ता सापडलं. माझ्या प्रवासाच्या बॅगेत, आप्पांच्या टॉवेलात गुंडाळलेलं. बॅग पुसून ओसरीत ठेवलीये. माळ्यावरून मी काढली नव्हती.