डोहातला डोंगा

मस्कत, ४ मे २०२५

ती. कुंदाताईस,
योगराजचा सा. न. वि. वि.

ओमेश गावी सुट्टी काढून इथे परतला. त्याने मंडळाच्या सभेत फोटो दाखवला, वैनगंगेच्या डोहात आपला डोंगा बुडालेला, वर दगड पडलेले. बाबांनी एका झाडातून कोरलेली होडी, गावातली शेवटची. आणि तुम्ही काठावर राहून बघत बसलात? मला मान खाली घालावी लागली. इथल्या आपल्या नदीकाठ मंडळाने ठराव केला आहे. वीस तारखेला क्रेन लावून डोंगा काढायचा आणि गावच्या चौकात काचेच्या घरात ठेवायचा. भाऊजींना मदतीला पाठव.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझा, योगराज

ता. तिरोडा, ९ मे

चि. योगराज यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहिते. सूनबाई चंदा या पत्राचा फोटो काढून धाडेल.

अरे शहाण्या, डोंगा बुडाला नाही, आम्ही बुडवला. दरवर्षी उन्हाळा लागला की बुडवतो, म्हणजे लाकूड तडकत नाही. दगड मी आणि तुझ्या भाऊजींनी एकेक करून ठेवलेत. लहानपणी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बाबांच्या हाती दगड तूच देत होतास. इतके काऊन विसरलास?

या उन्हात तो बाहेर काढलात तर आठ दिवसांत उभी चीर जाईल. मग काचेत जळण ठेवा. मृगाच्या आधी आम्हीच तो काढतो आणि पावसाळाभर मासोळीला जातो. वीस तारखेला क्रेन आली, तर मी डोहात जाऊन बसणार. तुझे भाऊजी म्हणाले, मी बी येतो.

राग नाही आला, वाईट वाटले. जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी ताई

मस्कत, १६ मे

ती. ताईस सा. न.

तुझे पत्र सभेत वाचून दाखवले. जळणाच्या वाक्याला कोणी हसले नाही. ठराव रद्द झाला.

मग अध्यक्ष लीलाधरभाऊंनी विचारले, की बुडवलेला डोंगा वर काढता कुणाला येतो. चाळीस माणसे, सगळी काठावर वाढलेली. मी हात वर केला आणि खाली घेतला. रोज क्रेनने लोखंड उचलतो, पण डोंग्यावरचा पहिला दगड कुठला काढायचा, ते मला ठाऊक नाही. ते काम बाबा बुडी मारून करायचे. मला लाज वाटली, ताई.

एक जूनचे तिकीट काढले आहे. ओमेशही येतो. बुडी आम्ही मारू, तू काठावरून सांग.

चुकलो, तरी लोभ कमी करू नकोस. आणि मी येईपर्यंत एकही दगड हलवू नकोस.
तुझा, योगराज