आबांचा गॅस

बडोदे, २२ नोव्हेंबर २००३

प्रिय समर,

फोनवर तू वाद घालतोस, कागदाला ते जमत नाही, म्हणून लिहितेय. आबा बरे आहेत. म्हणजे नर्सला त्यांनी 'चहा आहे की काढा' असं विचारलं, यावरून मी ते ठरवलंय.

आपल्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना गॅस झाल्याचं सांगितलं. हार्ट अटॅक बाकी सगळ्यांना कळवायचा, फक्त ज्याला आला त्याला नाही. माझ्या वैष्णवीनं तर आयसीयूत ओव्याची डबी नेली, खोटं खरं दिसावं म्हणून.

या अलकापुरीतल्या हॉस्पिटलात दारापासूनच माझा जीव धास्तावला. भिंतीवर स्टेंटच्या कंपनीचं कॅलेंडर, अमीन डॉक्टरांच्या खिशाला त्याच कंपनीचं पेन. ते म्हणाले, काकांची अँजिओग्राफी करू, नळी फारच बंद असेल तर लगेच फुगा घालून स्टेंट बसवू. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी? तर म्हणे, माझे बापुजी असते तरी हेच केलं असतं. त्यांचे बापुजी हयात आहेत का, हे मी बाहेर चौकशी करून आले. आहेत. दुसरं मत घ्यायला सयाजीगंजात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, या वयात चिरफाड कशाला, गोळ्यांवर ठेवा. मला बरं वाटलं, पण जिना उतरताना लक्षात आलं की त्यांच्याकडे अँजिओग्राफीचं यंत्रच नाही. मग तुझा फोन, 'म्हाताऱ्या जिवाचे हाल नकोत.' खरं सांगू? मला तुझाही संशय आला. पुण्यात बसून बापावर दया करणं सोपं असतं.

काल अमीन डॉक्टरांनी आमचा रिवाज मोडला. आम्ही खुणा करत असताना ते सरळ आबांच्या पलंगावर बसले आणि आपल्या गुजराती-मराठीत सगळं सांगून टाकलं. केलं तर रक्तस्राव होऊ शकतो, किडनी बिघडू शकते, टेबलावरच जीवही जाऊ शकतो. नाही केलं तर दुसरा झटका केव्हाही येईल. एकही गोष्ट त्यांनी गोड करून सांगितली नाही. विकणारा माणूस असं बोलत नाही, एवढं मला मान्य करावं लागलं.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गॅससाठी कुणी आयसीयूत ठेवतं का, निरू? तुम्ही सगळे घाबरला होतात, म्हणून मी गप्प होतो. करून घेतो मी."

आणि सही केली, कुणाचा हात न धरता.

बुधवारी सकाळी नेणार आहेत. डॉक्टरांना फोन करून थांबवू नकोस. तुला पत्र लिहायला आबांनीच सांगितलंय, ते एवढ्यासाठीच. पण पुढचं मी माझं लिहितेय. काल रात्रीपासून मला त्या सहीचाच संशय येतोय. आमच्यासाठी जो माणूस चार दिवस गॅस झाल्याचं सोंग घेऊन पडून राहिला, तो आमच्यासाठीच 'हो' म्हणाला नसेल कशावरून? मला विचारायचा धीर होत नाही. माझ्या तोंडाकडे बघून ते मला हवं तेच उत्तर देतील. तुला 'नको' हवंय हे त्यांना ठाऊक आहे. तुझ्यासमोरही ते 'हो'च म्हणाले, तर ते त्यांचं स्वतःचं. हे कुरियरनं सोमवारी तुझ्या हातात पडेल. मंगळवारपर्यंत ये, आणि एकट्यानं विचार.

तुझीच,
अक्का