‘बालसदृश भार’ या नोंदीखाली सही करण्यास नकार

प्रति,
मा. मुख्य निरीक्षण अधिकारी,
संरक्षण सामग्री चाचणी केंद्र.

अर्जदार : कनिष्ठ अभियंता, भार चाचणी विभाग, तसेच केंद्राच्या पाळणाघरात येणाऱ्या एका मुलीची आई.

विषय : रणगाडाविरोधी सुरुंगांच्या नव्या खेपेच्या अहवालावर सही न करण्याबाबत, आणि पाळणाघरातील मुले चाचणीसाठी नेणे बंद करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : ‘धोका आढळला नाही, सबब प्रकरण बंद.’

महोदय,

१. माझा आधीचा अर्ज आपल्या कार्यालयाने एका ओळीत मिटवला. तो मी फार सभ्य भाषेत लिहिला होता, चूक तिथेच झाली असावी. म्हणून या वेळी घडले ते घडले तसे लिहीत आहे.

२. सदर सुरुंग रणगाड्यासाठी आहे. माणूस वरून चालत गेला तरी तो फुटता कामा नये, ही खरेदीदाराची पहिली अट आहे. चाचणीच्या वेळी आतले स्फोटक काढून त्या जागी लाल दिवा जोडतात. दाबपट्टी दबली की दिवा लागतो. मोठ्या भारासाठी आपल्याकडे यंत्र आहे. हलक्या भाराची वजने मात्र प्रमाणित करण्यासाठी बाहेर गेली, ती परत आलीच नाहीत. तेव्हापासून आमच्या विभागात पट्टीवर माणूस उभा करण्याची पद्धत पडली. हा मान भांडारातील एका वजनदार लिपिकांचा. त्यांना सगळे टनभाऊ म्हणतात. ते उभे राहतात, दिवा लागत नाही, सगळे टाळ्या वाजवतात आणि चहा येतो. या चहाला मीही हजर असे, हे नमूद करते.

३. नव्या खेपेच्या चाचणीच्या दिवशी मी प्रशिक्षणाला गेले होते. टनभाऊ उभे राहिले आणि दिवा लागला. स्प्रिंग मऊ आली आहे, हे तिथेच कळायला हवे होते. विभागप्रमुख म्हणाले, “टनभाऊ, काय खाऊन आलात?” मग त्यांनी शिपायाला उभे केले. दिवा लागला. मग टंकलेखक बाईंना, कारण त्या विभागात सर्वांत सडपातळ. दिवा लागला. सुरुंगात दोष आहे असे कोणाच्याही मनात आले नाही. प्रत्येक वेळी माणूसच जास्त भरला. शेवटी विभागप्रमुख समोरच्या पाळणाघरात गेले आणि मावशींना म्हणाले, “एखादं हलकं पोर द्या हो पाच मिनिटं.” मावशींनी माझी मुलगी दिली. आई याच विभागात आहे, म्हणजे घरचेच काम, असे त्यांना वाटले.

४. माझी मुलगी उभी राहिली. दिवा लागला.

५. हे मला कोणी कळवले नाही. घरी ती पायपुसण्यावर पाय आपटत होती. काय चालले आहे विचारले तर म्हणाली, “आई, इथे लाल दिवा का नाही लागत? तिकडे मी लावला. काका शाब्बास म्हणाले.” सासूबाई हसल्या. मी मात्र तिला पायपुसण्यावरून उचलून घेतले. लहान मुलांच्या आईने जरा जास्तच लक्ष ठेवावे, अशी माझी सवय आहे. ऑफिसात या सवयीची चेष्टा होते. तरीही मी लक्ष ठेवले नव्हते ते नेमके चाचणीच्या खोलीवर, कारण ती खोली माझ्याच विभागाची होती.

६. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना विचारले असता ते म्हणाले, “मॅडम, आत काही नव्हतं. रिकामा डबा. तुम्ही इंजिनियर असून घाबरता?” आपल्या कार्यालयाचे उत्तरही याच अर्थाचे आहे. महोदय, तो रिकामा होता हे मला ठाऊक आहे. जे जमिनीत पुरले जाणार ते रिकामे नसतील. तिथून कोणाची तरी मुलगी शाळेत जाईल, आणि तिला शाब्बास म्हणायला कोणी उरणार नाही.

७. आता अहवाल. त्यात माझ्या मुलीची नोंद नाही, टनभाऊंची नाही, टंकलेखक बाईंचीही नाही. त्यात लिहिले आहे : ‘बालसदृश भार : दिवा लागला नाही. समाधानकारक.’ हा बालसदृश भार कोण, याचा मी शोध घेतला. मुलीच्या भारानेही दिवा लागला, तेव्हा तिच्या हातातली कापडी बाहुली काढून घेऊन पट्टीवर ठेवण्यात आली. बाहुलीखाली दिवा लागला नाही. चाचणी संपली, चहा आला. चाचणी अभियंता म्हणून या नोंदीखाली माझी सही हवी आहे. विभागप्रमुख दिवसातून दोनदा माझ्या टेबलाशी येतात आणि पेनाचे टोपण काढून उभे राहतात.

८. इतक्यावर भागले असते तर बरे. आपल्या आस्थापना शाखेने अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसाठी ‘संरक्षण क्षेत्रातील उज्ज्वल कारकीर्द’ ही पुस्तिका काढली आहे. तिच्या मुखपृष्ठावर त्याच दिवशी काढलेले, पट्टीवर उभ्या असलेल्या माझ्या मुलीचे छायाचित्र आहे, लाल दिव्यासह. खाली मजकूर : ‘इथे मातृत्व आणि करिअर हातात हात घालून चालतात.’ महाविद्यालयातल्या मेळाव्यात ही पुस्तिका मी वाटावी, शक्यतो मुलीला घेऊन, आणि ‘प्रसन्न पोशाखात’ यावे, असा लेखी आदेश आहे. या कामाची मला किळस येत नव्हती; मी ते हौसेने निवडले होते. आता हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवतानाही किळस येते.

९. पाळणाघरातून मुलीला मी काढले आहे. ती सासूबाईंकडे असते, आणि नोकरी सोड असे त्या रोज सांगतात. मी सोडणार नाही. मी गेले तर माझ्या जागी जो येईल, तो पहिल्याच दिवशी सही करील.

१०. सबब विनंती की, पाळणाघराचे एकही मूल पुन्हा विभागात आणू नये, पुस्तिका परत घ्यावी आणि संपूर्ण खेप स्प्रिंग बदलण्यासाठी पाठवावी. अहवाल सहीविना सोबत जोडला आहे. आज सकाळी गोदामात जाऊन प्रत्येक पेटीला मी ‘नापास’ची चिठ्ठी लावली आहे. तो अधिकार चाचणी अभियंत्याचा आहे. ती चिठ्ठी काढण्याचा अधिकार नियमाने फक्त आपला आहे, आणि काढणाऱ्याने पेटीवर स्वतःचे पूर्ण नाव लिहायचे असते. पेट्या पुष्कळ आहेत. खेप पाठवायचीच असेल, तर आपण स्वतः यावे आणि प्रत्येक पेटीवर आपल्या हाताने लिहावे. मी तिथे उभी राहून वाचीन.

सोबत : १) सही नसलेला अहवाल. २) जुन्या व नव्या खेपेची एकेक स्प्रिंग, दोन बोटांत दाबून पाहावी.

एवढी एक बाब सोडून आपली आज्ञाधारक,

(सही)
कनिष्ठ अभियंता, भार चाचणी विभाग
दिनांक : १९ जून