पंचामृतात न्हालेला चाकू

ट्रॉय, मिशिगन
१७ ऑक्टोबर २००५

प्रिय चंद्रशेखर,

साष्टांग घालावा इतका तू मोठा नाहीस आणि नुसता आशीर्वाद द्यावा इतका लहानही नाहीस, तेव्हा गुडघा परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार. पद्मजावहिनींना मात्र पूर्ण वाकून. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी नियमित घेतोस, की अजूनही वहिनींसमोर तोंडात टाकून मागच्या दारी जास्वंदीच्या कुंडीत थुंकतोस? (जास्वंदीचं प्रेशर एव्हाना उत्तम झालं असेल.) उजव्या कानाचं मशीन लावतोस का? गच्चीवरच्या टाकीची गळती थांबली का, की सोसायटीची मंडळी अजून मीटिंगच घेत आहेत? आम्ही इकडे सर्व सुखरूप आहोत. हे वाक्य आधी लिहून टाकायचं असतं म्हणून लिहिलं. आता काय झालं ते सांगतो, आणि कृपा करून हे पत्र अंबाझरीच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचू नकोस.

तुला ठाऊक आहे, मला इथे गाडी चालवता येत नाही. वीज मंडळात तीस वर्षं सरकारी जीपमध्ये पुढे बसलेला माणूस मी, पण इथे दूध संपलं तरी मुलाच्या तोंडाकडे बघावं लागतं. परीक्षित गुणाचा आहे, नाही म्हणत नाही. पण "बाबा, वीकेंडला जाऊ" हे ऐकून ऐकून मला शनिवारचीच चीड यायला लागली आहे. तेव्हा माझं स्वतःचं असं इथे एकच होतं, संध्याकाळचं फिरणं. घरापासून तळ्यापर्यंत आणि परत. (तळं म्हणजे अंबाझरी नव्हे. आपल्या टाकीच्या गळतीतून याहून मोठं झालं असतं.) इथले फुटपाथ देवघरासारखे स्वच्छ, पण त्यांवर माणूस औषधाला नाही. तरी मी आपला माकडटोपी घालून रोज निघायचो. तेवढा वेळ मी कुणाचा बाप नाही, कुणाचा आजोबा नाही, कुणावर अवलंबून नाही.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मागून गाडी आली, हळू झाली, आणि आतल्या पोरांनी बर्फासकट कोल्ड्रिंकचा भला मोठा ग्लास माझ्या डोक्यावर भिरकावला. वर काहीतरी ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही, पण कौतुक नसावं. मी दचकून पडलो, गुडघा फुटला, गाडी हसत हसत निघून गेली. घरी येऊन मी पाय घसरल्याचं सांगितलं, पण माकडटोपीतून बर्फ निघाला. सप्टेंबरात मिशिगनमध्येसुद्धा बर्फ पडत नाही, त्यामुळे खरं सांगावं लागलं. झालं! परीक्षितने फर्मान काढलं: एकट्याने फिरणं बंद. चालायचं असेल तर बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आहे. अबे चंदू, त्या यंत्रावर माणूस चालतो पण कुठे पोचत नाही. समोर भिंत, बाजूला वॉशिंग मशीन. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर पुन्हा हेच का म्हणून करायला लावायचं?

आठ दिवस मी धुमसलो आणि मग ठरवलं की चाकू घ्यायचा. साधासुधा नाही, चांगला मोठा, घडीचा, खिशात राहणारा. तुला सीताबर्डीचा तो रामपुरीवाला आठवतो का? आपण कॉलेजात होतो, त्या बोळात एका दांडग्या माणसाने खिशातून चाकू काढून खटकन उघडला आणि तू नि मी सायकली टाकून झाशी राणी चौकापर्यंत पळालो. (सायकली आणायला गेलो तेव्हा तो पायरीवर बसून पेरू कापून खात होता आणि त्याने आपल्यालाही फोड देऊ केली. हे आपण कुणाला सांगितलेलं नाही, आताही सांगू नये.) मुद्दा हा, की त्या आवाजात जरब असते. मला कुणाला भोसकायचं नव्हतं रे. मी आयुष्यात दुधीसुद्धा सरळ कापलेला नाही. मला फक्त तो आवाज हवा होता.

आता दुकानात नेणार कोण? तर रवी. हा आपल्या नागपूरचाच, इथे एम.एस. करतोय, शनिवारी आमच्याकडे जेवायला येतो आणि सुमित्राच्या पातोडीभाजीसाठी कुठलाही गुन्हा करायला तयार असतो. त्याने मला लायब्ररीच्या नावाखाली शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात नेलं. काचेच्या कपाटात चाकूच चाकू, सराफाकडे पाटल्या मांडाव्यात तसे. दुकानदार छातीपर्यंत दाढी असलेला, पण वागायला अगदी सोज्ज्वळ. कशासाठी पाहिजे म्हणाला. मी सेल्फ डिफेन्स म्हणालो. तो हसला नाही, हे मी त्याचे उपकार समजतो. पण इतके प्रश्न विचारले की सुमित्राला बघायला गेलो तेव्हा तिच्या काकांनीही इतके विचारले नव्हते. उजव्या हाताने उघडणार की डाव्या? सरळ धार की करवतीची? खिशाला अडकवायची क्लिप वरच्या टोकाला हवी की खालच्या? एका चाकूचं पातं झकास होतं, पण माझ्या अंगठ्याच्या संधिवाताला ते उघडेना. दुसरा इतक्या सहज उघडे की तो खिशात घालून बसायची माझी छाती होईना. तिसरा उघडला, पण त्याचा लॉक असा पक्का की मिटेचना, आणि उघडा चाकू हातात धरून मी "क्लोज, क्लोज" म्हणत दुकानभर दुकानदाराला शोधत फिरलो. शेवटी काळ्या मुठीचा, चांगला वीतभर मुठीचा एक पसंत केला. अंगठ्याने रेटला की खट्! तोच आवाज. मी चार-पाच वेळा वाजवून बघितला. खिशात ठेवून चालण्याबद्दल इथला कायदा काय म्हणतो ते रवी गाडीत सांगायला लागला होता, ते मी त्याला नंतर सांग म्हणालो. (तू वकिलाचा मुलगा आहेस, यावर भाषण देऊ नकोस. जे व्हायचं ते झालं आहे.)

पण चाकू घेणं आणि चाकू बाळगणं यात फार अंतर आहे. माझ्या लेंग्याला खिसा नाही. पँटच्या खिशाला क्लिप लावली तर चाकूच्या वजनाने पँट एका बाजूने उतरायला लागली आणि माझा एक हात कायम पँट धरण्यात गुंतला. म्हणून स्वेटरच्या खिशात ठेवला आणि ट्रेडमिलवर चालता चालता काढायचा सराव सुरू केला. दुसऱ्याच दिवशी सुमित्राने स्वतः विणलेला स्वेटर चाकूत अडकून खिशापासून बगलेपर्यंत उसवला. नात हिमानी पायरीवर बसून बघत होती. "आजोबा, दॅट इज सो नॉट सेफ," एवढं बोलून ती आजीला बोलवायला गेली.

मला वाटलं, आता रामायण होणार. पण सुमित्रा चाकूकडे बघत राहिली, मग स्वेटरकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, एवढी भीती वाटते होय तुम्हाला? मी भीती-बिती काही नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणालो. त्यावर ती म्हणाली, बरं, परवा खंडेनवमी आहे. शस्त्र घरात आलंच आहे तर पूजा झाल्याशिवाय अंगावर बाळगायचं नाही. मी कबूल झालो. हे परीक्षितला नाही सांगणार ना, असं विचारलं, तर म्हणाली, पूजेत मांडल्यावर त्याला दिसेलच.

आणि दिसलाच. पाटावर आमच्या सुनेच्या, रेणूच्या, गाडीची किल्ली, हिमानीचं व्हायोलिन, घरची विळी, परीक्षितचा लॅपटॉप आणि मधोमध माझा चाकू. बाकीच्यांना नुसतं हळदीकुंकू, पण चाकू घरात नवा, म्हणून सुमित्राने त्याला साग्रसंगीत पंचामृताचं स्नान घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. (लॅपटॉपलाही घालणार होती, पण परीक्षित पाटाला आडवा झाला.) मग कुंकू, अक्षता, झेंडू. आईसमोर आणि देवासमोर परीक्षित बोलत नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला आवडलं नाही. त्या नजरेत राग असता तर मी भांडलो असतो.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. परीक्षित आणि रेणू ऑफिसातून यायचे होते. मी सीमोल्लंघन करायचं ठरवलं. माकडटोपी चढवली, चाकू कोटाच्या खिशात टाकला आणि निघालो. अबे, या दिवसांत इथली झाडं लाल-पिवळी होतात. मागच्या वर्षी मी एकेका झाडापाशी थांबत थांबत जायचो. या वेळी एकही झाड दिसलं नाही मला. नुसत्या गाड्या बघत होतो. चाकू आल्यावर भीती कमी व्हायला पाहिजे होती ना? ती वाढलीच होती, आणि तिला आता पोटातून बाहेर यायची लाजही वाटत नव्हती.

तळ्याच्या वळणावर एक गाडी पुढे गेली, थांबली, आणि वळून माझ्याकडे आली. हळू झाली. अगदी तशीच. चाकू काढला, अंगठा लावला, रेटला. काही नाही. पुन्हा रेटला. चंदू, मध आणि साखर सांध्यात वाळून चाकू चिक्कीसारखा घट्ट झाला होता! मी दोन्ही हातांनी ओढाताण करतोय, घामात विरघळून कुंकू आणि मध यांचा लालभडक पाक माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत आलाय, आणि गाडीचं दार उघडून उतरली कोण, तर आपल्याच वयाची एक बाई. माझे हात बघून ती किंचाळली. धावत आली, दोन्ही हात धरले आणि जखम शोधायला लागली. मी "नो ब्लड, नो ब्लड, गॉड, गॉड" म्हणत होतो. (कुंकवाला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या घटकेला कुणालाही सुचलं नसतं.) तिला वाटलं, हा शेवटची प्रार्थना करतोय. तिने मला गाडीत बसवलं, हीटर लावला, ओल्या टिश्यूंनी एकेक बोट पुसलं. ती रिटायर्ड नर्स आहे हे नंतर कळलं. माझ्या हातातली ती काळी, चिकट, झेंडूची पाकळी चिकटलेली वस्तू तिने काढून घेतली, टिश्यूत गुंडाळली आणि सांभाळून माझ्याच खिशात परत ठेवली. तिला तो मोबाईल वाटला असावा. मी खुलासा केला नाही.

तिचं नाव डोरोथी. वळणावरच्या घरात एकटी राहते. तिने सांगितलं की ती रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला जाताना बघायची, आणि मी गेलो की चहा टाकायची. मग मी दिसेनासा झालो. ती काळजीत होती, आजारी पडलो की मायदेशी गेलो की कायमचाच गेलो. कुणाला विचारणार, माझं नावच तिला ठाऊक नव्हतं. आज टोपी दिसली म्हणून तिने गाडी वळवली. अबे चंदू, आणि मी त्या बाईवर चाकू काढत होतो. सुमित्राने मध जरा कमी घातला असता तर? त्या पोरांनी नुसता ग्लास फेकला होता. मी तर त्यांच्याही पुढे निघालो होतो.

घरी पोचलो तेव्हा परीक्षित दारातच होता. डोरोथी त्याला धीर देऊन गेली. त्याने मला सिंकपाशी नेलं आणि माझे हात धुतले. रंगपंचमीनंतर मी त्याचे धुवायचो तसे, नखांच्या कडेचासुद्धा रंग काढून. नळ बंद करून हळूच म्हणाला, बाबा, तुम्हाला इथे आणून मी चूक केली का? मी म्हणालो, नाही रे, वेडा आहेस का. ते खोटं नव्हतं. पण अगदी खरंही नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असावं.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गोळी गिळत जा.

तुझा,
पुरुषोत्तम

ता.क. चाकूचं काय झालं ते राहिलंच. गरम पाण्यात उकळल्यावर उघडला. हिमानीला त्यांच्या त्या भुताच्या सणासाठी लाल भोपळा कोरायचा होता. सुमित्रा अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावत नाही, तो मान घरच्या पुरुषाचा. मी खट् करून चाकू उघडला आणि पहिला घाव घातला. भोपळ्याने प्रतिकार केला नाही. आता चाकू स्वयंपाकघराच्या खणात असतो, विळीशेजारी.

ता.क. २. खरं काम आता लिहितो, एवढ्यासाठी पत्र लिहायला बसलो होतो. परीक्षितने आमच्या ग्रीन कार्डाचे कागद आणून ठेवले आहेत. कायमचं राहायचं. त्याला नाही म्हणायला माझं तोंड उघडत नाही. तर तू मला एक पत्र लिही, की टाकीचं प्रकरण हाताबाहेर गेलं आहे, पुरुषोत्तमशिवाय सोसायटीत पान हलत नाही, ताबडतोब निघून ये. सेक्रेटरीची सही घे. म्हणजे मी गेलो तर गरजेपोटी गेलो असं होईल, त्याच्या जिवाला लागणार नाही.

ता.क. ३. वरचं पुन्हा वाचलं. पत्र लिही, पण तारीख घालू नकोस. सध्या घाई नाही. डोरोथी रोज पाचला बेल वाजवते आणि आम्ही दोघं तळ्यापर्यंत जातो. परीक्षितची परवानगी आहे. मी सवयीने तिच्या डाव्या बाजूने चालतो. तिने का म्हणून विचारलं, तर सांगितलं की माझ्या मित्राला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तुझं पत्र आलं की मी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवून देईन, चाकू होता त्याच खिशात. कदाचित कधी उघडावं लागणारही नाही. पण खिशात काहीतरी असलेलं बरं.