तनुजा आज शेलूबाजारला बोलेल

प्रसेनजित,

आईच्या स्मृतीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी थांबत नाही. नववीतली तनुजा आणि आईच्या गटातल्या बाकी मुलींना घेऊन सकाळच्या जीपने शेलूबाजारला जाते आहे. वरण झाकून ठेवलंय. बाबांची गोळी जेवणानंतर दे.

आईने नववीतल्या मुलींना सहावीतल्या मुलींसोबत बसायला शिकवलं. मोठीने आधी स्वतःची फजिती सांगायची, मग धाकटीचं ऐकायचं. त्याबद्दलच तनुजा आज कार्यक्रमात बोलणार होती. "पोट्टी अडखळते, पाहुण्यायसमोर हसू होईन," म्हणून तू तिचं नाव खोडलंस आणि तिच्या हाती हारांचं ताट दिलंस. मुलींच्या आत्मविश्वासावर आता चार पुरुष बोलणार. बोला. हारही तुम्हीच एकमेकांना घाला.

काल ती धाकट्या मुलीला सांगत होती, "मले बोलता येत नाही, दादा बरोबर म्हणते." आईची तीन वर्षांची मेहनत तू एका वाक्यात पुसलीस.

तिथल्या गटासमोर ती आज बोलेल. अडखळली तर आम्ही थांबू.

आठवीपर्यंत तू तोतरा बोलायचास. आईने तुझं एकही वाक्य स्वतः पुरं केलं नाही. हातातलं काम ठेवून ती वाट पाहायची.

ताई